मोहाखालचे पाहुणे

परदेशातून कोणी मदतीला येणार असा फोन आला की मी सगळ्यात आधी फणी शोधायचे. अंगणात कडुलिंबाखाली पोतं अंथरायचं, पोरींना एकेक करून समोर बसवायचं आणि डोकी साफ करायची. एवढं करूनही पंधरा दिवसांत पाहुणी केसांत बोटं खुपसून माझ्यापुढे उभी राहायचीच. आमच्या पोरी तिच्या गळ्यात पडलेल्या असायच्या, दुसरं काय होणार! मग तिचंही डोकं त्याच पोत्यावर, त्याच फणीनं. एकीला मी गमतीनं विचारलं, "रॉकेल लावू का?" तर ती बिचारी खरंच हो म्हणाली.

आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका बालगृहात मी अधीक्षिका होते. माझं माहेर राजुऱ्याचं. नवरा घुग्घुसच्या कोळसा खाणीत होता, तो अकाली गेला आणि मी ही नोकरी धरली. दोन वर्षं करू आणि परत जाऊ असं म्हणत गेले आणि निवृत्त होऊनच परतले. अधीक्षिका हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात नखं कापणं, खरजेचं मलम लावणं, ओल्या झालेल्या सतरंज्या कोणाला न सांगता वाळत घालणं आणि भाताच्या पातेल्यापाशी उभं राहून शेवटच्या पोरापर्यंत भात पुरतो ना ते पाहणं, एवढंच ते काम. बहुतेक पोरं माडिया गोंडांची. कोणाचे आईबाप गेलेले, कोणाचे असून नसल्यासारखे. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना माझी. महिनाभरात ती माझी शिकायची. मी त्यांची कधीच धड शिकले नाही, ही खंत आहेच.

पाहुणे यायचे ते दिवाळीनंतर. जर्मनीचे, हॉलंडचे, नॉर्वेचे. कोणी महिना राहायचं, कोणी तीन. भली माणसं होती, हे आधी सांगते, कारण पुढे मी थोडं वाकडं बोलणार आहे. एक पोरगा आला होता तो फक्त केळी खायचा, आणि आमच्याकडे केळी आठवड्याच्या बाजारालाच मिळायची, त्यामुळे बुधवारपर्यंत तो वाळून जायचा. भिंत रंगवायची हौस तर प्रत्येकाला. आमच्या जेवणघराची भिंत दर हिवाळ्यात रंगायची. एका वर्षी हत्ती, पुढच्या वर्षी जिराफ. आदल्या वर्षीचा हत्ती चुन्यानं बुजवताना पोरं माझ्याकडे बघायची. "बाई, हत्तीले काऊन पुसून राह्यले?" काय सांगणार? नव्या पाहुण्यांना भिंत हवी होती.

पाहुण्यांना एक गोष्ट कधी कळली नाही. आल्या दिवशी जे पोर धावत येऊन मांडीवर बसतं, त्याचं त्यांना फार कौतुक. आम्हाला त्याच पोराची काळजी असायची. जे पोर दाराआड लपून बघतं, त्याचं आपलं असं कोणीतरी असतं, म्हणून त्याला परका कळतो. जैनी दाराआड लपणारी होती.

जैनीला घेऊन आली होती तिची आजी, बापाची आई. आईबाप एकाच पावसाळ्यात गेलेले. गाव आमच्यापासून बरंच आत, नाल्यापलीकडे. पोरगी सात-आठ वर्षांची असेल. उजवा पाय जन्मापासून आत वळलेला, पावलाच्या कडेवर चालायची. तरी झाडावर चढण्यात पोरांना हरवायची. आजीनं तिला शाळेसाठी आणून सोडली आणि जाताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, आमच्या स्वयंपाकीणबाईनं ती मला मराठीत सांगितली: "मोहाच्या वक्ताले पोरीले सोडता ना?"

सोडत होतो. आमच्या बालगृहाची ती जुनी रीत होती. दिवाळीची सुट्टी सगळीकडे असते, पण आमच्याकडे चैताच्या तोंडाशी, मोहफुलं पडतात तेव्हाही सुट्टी असायची. ज्याचं गावात कोणीही आहे, मामा, काका, लांबची आत्या, त्या पोरानं पंधरा दिवस गावी जायचंच. ही रीत घालून दिली होती संस्थेच्या म्हाताऱ्या सचिवांनी. त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. शाळेचे मास्तर कुरकुरायचे, की पोरं परीक्षेच्या तोंडावर जातात आणि खोकला, खरूज घेऊन येतात. भाऊ ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या." कारण कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला वाटायचं, घरी कामाला हात लागतात, फुलं विकून चार पैसे येतात, म्हणून असेल. शेतीच्या दिवसांत आमच्या राजुऱ्याकडेही पोरं शाळा बुडवतातच की.

जैनी आली त्याच वर्षी दिवाळीनंतर मारिट आली. नॉर्वेची, साठीला टेकलेली, हाताची बोटं लोहारासारखी दणकट. आयुष्यभर तिकडच्या दवाखान्यात लोकांचे हातपाय चालते करण्याचं काम केलेलं. भिंतीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी अंगणात बसून ती नुसती पोरांचे पाय बघत होती. संध्याकाळी मला साध्या इंग्रजीत म्हणाली, "त्या दाराआडच्या मुलीचा पाय सरळ होऊ शकतो. पण आत्ताच. मोठी झाली की नाही होणार." पोरांनी तिचं नाव मारूबाई करून टाकलं. तिला कोणी सांगितलं नाही की मराठीत ती मारण्याची धमकी वाटते.

तालुक्याच्या दवाखान्यात एक डॉक्टर होते, त्यांना ही विद्या येत होती. पाय थोडा वळवायचा, प्लास्टर घालायचं, आठवड्यानं काढायचं, आणखी थोडा वळवायचा, पुन्हा प्लास्टर. दर आठवड्याला मारिट जैनीला जीपमध्ये मांडीवर घेऊन जायची. धुळीचा रस्ता, वाटेत दोनदा उलटी. परत आल्यावर तळव्याला, बोटांना चोळायची, गोष्टी सांगायची. कुठल्या भाषेत? नॉर्वेच्या. आणि पोरगी हसायची. इतर पाहुणे होळीच्या आधीच ऊन बघून पळाले, दोघे सोडून. मारिट थांबली. लालबुंद व्हायची, डोक्यावर ओला पंचा घेऊन फिरायची, पण "शेवटचं प्लास्टर निघेपर्यंत मी कुठे जात नाही" म्हणायची. अशी माणसं मी थोडी पाहिली.

आणि मोह पडायला लागला. एकेक करून पोरांचे मामा-काका आले आणि त्यांना घेऊन गेले. एका सकाळी जैनीची आजी आली. पायी आली होती. पाणी प्यायली, ओसरीवर बसली, आणि नातीच्या प्लास्टरवर बोटाच्या पेरानं टकटक करून हसली. मग बोलायला लागली. स्वयंपाकीणबाई बाजारात गेली होती, म्हणून जैनीच मला सांगत होती.

"आजी म्हन्ते, मोह पडून राह्यला. मले न्यायले आली."

"सांग तिला, अजून प्लास्टर निघायचं आहे. तुला चालता येत नाही."

म्हातारीनं मान हलवली, पुष्कळ बोलली, हातानं खाट उचलल्यासारखं केलं.

"ते म्हन्ते, चालू नको. खाटीवर घालून नेऊ. एका दिवसानं आनून देऊ. मी वेचू पन नको म्हन्ते, बाई. झाडाखाली नुसती बसली तरी होते."

"नुसतं बसून काय होणार आहे?" मी म्हटलं. "तिथं राख, धूळ, मुंग्या. प्लास्टर खराब झालं की सगळ्या मेहनतीवर पाणी. पुढच्या वर्षी ने म्हणावं, चांगली पळत येईल."

नुसती बसली तरी होते. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. काय होते, हे मला विचारता आलं असतं. 'काय होणार आहे?' असं मी म्हटलं खरं, पण तो प्रश्न नव्हताच, ते उत्तर होतं.

तेवढ्यात मारिट बाहेर आली आणि तिनं विचारलं, म्हातारीला काय हवंय. मी सांगितलं, मोह वेचायला घरात हात नाहीत, म्हणून पोरीला न्यायला आली. मारिटचा चेहरा उजळला. "मग आपण जाऊ! मी जाते. पोरीची मेहनत मी करते." मला ही कल्पना फार आवडली. भाऊ तेव्हा नागपूरला दवाखान्यात होते, नाहीतर त्यांना विचारलं असतं. जैनीनं आजीला सांगितलं. आजी मारिटकडे बघत राहिली, मग तिनं हात जोडले. इकडची माणसं घरी येतो म्हणणाऱ्या पाहुण्याला नको म्हणत नाहीत. तिच्या हात जोडण्याला आम्ही आभार समजलो.

पहाटे जीप काढली. मारिट, मागे राहिलेले दोन पाहुणे, आमची गावी न गेलेली मोठी पोरं आणि मी. मोहाचं झाड कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: फुलं पहाटे आपोआप गळतात, फिकट पिवळी, रसाळ, मण्यासारखी. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी झाडून जाळतात, म्हणून बुंध्याभोवती काळ्या राखेचं मोठं रिंगण होतं. वनखात्याला हे आवडत नाही, पण रीत आहे. जैनीच्या आजीचं झाड बांधाच्या कडेला, चांगलं तिघांच्या कवेत न मावणारं. म्हातारीनं एकटीनं सगळं रिंगण साफ करून ठेवलं होतं.

आम्ही वेचलं. मारिट गुडघ्यांवर बसून वेचत होती, एक फूल तोंडात टाकून तोंड वेडंवाकडं करत होती. गावच्या बाया तोंडाला पदर लावून बघायला आल्या, हसल्या. टोपल्या भरल्या. मारिटनं एक टोपली डोक्यावर घेतली आणि ती दोन पावलांत पडली, तेव्हा तर सगळं गाव हसलं. म्हातारी तेवढी रिंगणाबाहेर एका दगडावर बसून होती, रिकामी टोपली मांडीवर घेऊन. थकली असेल, असं मला वाटलं. परत येताना जीपमध्ये पोरं गाणी म्हणत होती. आपण काम नीट केलं असं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं. ती सकाळ त्यातली होती.

मारिटनं फोनवरचे फोटो जैनीला दाखवले. पोरगी बोटानं एकेक फोटो सरकवत गेली.

"झाडाखाली सारे हाय," ती म्हणाली. "मीच नाई."

"पुढच्या वर्षी तू," मी म्हटलं आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

शेवटचं प्लास्टर निघालं. पाय सरळ! नुसता बारीक झालेला, पण सरळ. मारिटनं तिला ओसरीवरून कडुलिंबापर्यंत चालवलं, आणि त्या दिवशी आमच्या स्वयंपाकीणबाईनं न सांगता शिरा केला. मारिट गेली. रात्री घालायचे खास बूट ती मागे ठेवून गेली होती, ते मी जैनीला रोज घातले. त्याच पावसाळ्यात नाल्याला पूर असताना आजी वारली. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं.

पुढच्या चैतात जैनीला मीच घेऊन गेले. नव्या चपला, हातात टोपली. नाल्यापासून गावापर्यंत ती माझ्या पुढे चालत होती, मधेच वळून मला बघत होती, चाल दाखवत होती. झाडाखाली एक बाई आणि तिची पोरं वेचत होती. आम्हाला बघून ती थांबली. घरातून जैनीचा चुलतकाका आला. चैतू त्याचं नाव. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, जैनीचा पाय हातात घेऊन बघितला, खूश झाला. मग मी विचारलं, हे झाड तर जैनीच्या आजीचं ना?

"होतं, बाई," चैतू म्हणाला. "मागच्या साली त्याच्या खाली कोन वेचलं? पाव्हण्यानं वेचलं. तुमी आनले. गावानं पाह्यलं. घरचं मानूस कोनी नोहतं, बुढी पन बाहेरच बसून होती."

"अहो, तिचा पाय..."

"पाय मले मालूम हाय. बुढी सांगे ना. पन आमच्या गावात, ज्याच्या घरचं मानूस मोहाखाली येते, झाड त्याचं राह्यते. पोरगी एक दिवस येऊन बसली असती, तरी झालं असतं. मंग वेचून आमी देलं असतं तिले, तिच्या नावानं. बुढी तेच सांगाले आल्ती तुमच्याकडं. ते म्हने, मी मेल्यावर पोरीले गावात काय राहीन? झाडच राहीन ना."

मी म्हटलं, मग आता तिला परत द्या. चैतूनं खाली बघितलं. "बुढीच्या दिवसाले गाव बसलं होतं. मी म्हनलो, पोरीचं राहू द्या. म्हातारे मानसं म्हनले, पोरीचं असतं त पोरगी आली असती. परक्याईले काऊन बलावलं असतं? आता मी कसा फिरवू, बाई?"

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कोंबडं कापलं, जैनीला मांडीशी बसवून जेवू घातलं, निघताना टोपलीभर मोहफुलं दिली. पाहुण्याला देतात तशी. जैनीनं ती घेतली. रडली वगैरे नाही. परत येताना नाल्यापर्यंत माझ्या मागे मागे चालत होती, हे मात्र माझ्या ध्यानात आलं.

मी भाऊंकडे गेले. ते आजारातून उठले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "मी सांगायले पाहिजे होतं तुमाले. मले वाटलं, हे साऱ्याईले मालूम असते." मी राजुऱ्याची, मारिट नॉर्वेची. आम्हाला दोघींना कुठून मालूम असणार! आम्ही पोरीची मेहनत वाटून घ्यायला गेलो आणि तिची जागाच घेऊन बसलो. डॉक्टर चुकले नाहीत, मारिट चुकली नाही, पाय सरळ होणं खोटं नाही. तरी त्या वर्षापासून मोहाच्या सुट्टीत बालगृहात मागे राहणाऱ्या पोरांमध्ये जैनी आली; चुलतकाकाकडे पाहुणी म्हणून जायला ती तयार नव्हती. सगळे मामा-काका येऊन पोरं घेऊन गेले की ती कडुलिंबाखाली माझ्याजवळ येऊन बसायची आणि डोकं पुढे करायची. उवा नसल्या तरी मी फणी फिरवायचे.

मारिटला मी हे कधी कळवलं नाही. दर नाताळाला तिचा फोन यायचा, "कशी चालते?" मी म्हणायचे, "छान चालते," आणि चालतानाचा व्हिडिओ पाठवायचे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मी निवृत्त होऊन चंद्रपूरला राहते. जैनी इथंच नर्सिंग शिकते, उंच झाली आहे, वॉर्डात दिवसभर उभी असते. तिच्याबरोबरच्या पोरी सुट्टी लागली की एसटीला गर्दी करतात. ही मला फोन करते, "बाई, मी येऊ काय?" ये म्हणते मी. दुसरं तिला कोण ये म्हणणार? मला आनंद होतो आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटते.

गेल्या मार्चमध्ये मारिट आली. आता हातात काठी, केस पांढरे शुभ्र. प्रवास झेपत नाही, हा शेवटचा, म्हणाली. तिला एकच गोष्ट बघायची होती: जैनी त्या मोहाच्या झाडापर्यंत चालत जाताना. मी रस्त्याचं, उन्हाचं, नक्षल बंदोबस्ताचं, हाती लागेल ते कारण सांगून पाहिलं. जैनीच म्हणाली, "जाऊ ना, बाई. एवढ्या दुरून आली ते. तिचं मन काऊन मोडायचं?"

आम्ही सकाळी पोचलो. जैनी बांधावरून पुढे चालत होती, ताठ, दोन्ही पावलं सारखी टाकत. मारिट मागून फोन धरून चित्र घेत होती आणि रडत होती. झाड तसंच होतं. खाली राखेचं काळं रिंगण, त्यावर पिवळी फुलं, आणि चैतूची बायको पोरासुनांसह वेचत होती. तिनं मारिटला लगेच ओळखलं. "मारूबाई!" म्हणून हाक मारली, पुढे येऊन तिचा हात धरला, आत नेलं, हातात टोपली दिली. मारिट काठी टाकून वाकली आणि वेचायला लागली. सगळे हसले, त्या दिवशीसारखेच.

जैनी रिंगणाच्या कडेला उभी होती. राख जिथं सुरू होते, तिथं तिच्या चपलांची टोकं होती.

मारिटनं हात उंचावून बोलावलं. जैनीनंही हसून हात हलवला. मी तिच्याजवळ गेले.

"जा ना," मी हळूच म्हटलं. "कोणी काही म्हणणार नाही."

"मी इथीच बरी हाय, बाई."

मारिट थांबली. टोपली छातीशी धरून तिनं आतूनच मला विचारलं, "काय झालं? तिचा पाय दुखतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "पाय चांगला आहे."